तुलनेसाठी घेतलेली माती

दादासो सरपंचांनी मातीच्या बरणीवर सही करण्याआधी नारळ फोडला. कुपवाडच्या प्रयोगशाळेत मी आठ वर्षं माती तपासते. नमुन्यापुढं नारळ फुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रश्न साळूबाईंच्या वीस गुंठ्यांचा होता. त्या रानाच्या कोपऱ्यात पूर्वी दगडखाणवाल्यांची सुरुंगाची कोठी होती. खाण बंद पडली, कोठी गेली, पण रानाला सुरुंगाचं नाव चिकटलं. साळूबाईंना तिथं हळद लावायची होती. दुसरी जमीन त्यांना नाही. गावातल्या बायका मात्र भांगलायला यायला तयार नव्हत्या. खुरपं लागून उडालो तर, ही भीती दादासोंनीच त्यांच्या डोक्यात भरवलेली. शेवटी ग्रामपंचायतीनं मला बोलावलं.

असल्या तपासणीत संशयाच्या मातीबरोबर त्याच गावची, कधी स्फोटक न पाहिलेली मातीही लागते. तिच्याशी ताडून बघायचं असतं. मी विचारलं, "अशी स्वच्छ माती कुठं मिळेल?"

"देवळाच्या पटांगणात," दादासो म्हणाले. "तितं चप्पल घालून सुदिक कोण जात न्हाई."

उत्तर इतकं पटलं की मीही चप्पल काढून माती भरून घेतली. अक्कलही चपलेबरोबर बाहेरच राहिली म्हणायची.

प्रयोगशाळेत नमुने सावलीत पसरले. सोबत आलेल्या साळूबाई निरखून बघत होत्या.

"आमी हळद उन्हात वाळवतो. तुमी माती सावलीत?"

"उन्हानं स्फोटकाचे अंश मोडतात, मावशी. मग सापडायचं ते सापडत नाही."

"मग माज्या रानावर धा वर्सं ऊनच पडतंय की."

माझ्या पदवीला हे सुचलं नव्हतं.

मग माती चाळली, द्रावकात हलवली, गाळली, यंत्रात सोडली. साळूबाईंच्या रानाचा आलेख सपाट आला. देवळाच्या मातीनं मात्र कागदावर हा एवढा सुळका काढला: परक्लोरेट, शोभेच्या दारूत असतं ते. मी भांडी पुन्हा धुतली, पुन्हा केलं. तेच. सरपंचांना फोन लावला, पटांगणात काही उडवता का म्हणून.

"छे छे. दसऱ्याला रातभर शोभेची दारू असती तेवढीच. पाच गावचं लोक बगाय येत्यात."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ती स्फोटकं नव्हतीच, सेवा होती.

ओढ्याकाठची दुसरी माती आणून मी सगळं नव्यानं ताडलं. रान स्वच्छच निघालं. तसा अहवाल दिला. अक्षय्य तृतीयेला साळूबाईंनी हळद लावली, बायकाही आल्या.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अहवाल वाचायला मला बोलावलं. दादासोंचं तोंड बघायला मिळणार म्हणून मी हौसेनं गेले. पटांगणाचा आकडा मी मोठ्यानं वाचला. मग दादासो उठले.

"म्याडमनी आमचं डोळं उगडलं. देवाच्या दारात घाण नको. औंदापास्नं दारू साळूबाईच्या रानात उडवायची. त्येच्याइतकं सोच्छ रान गावात न्हाई, प्रयोगशाळेचा शिक्का हाय."

टाळ्या पडल्या.

"आवं, हळद उभी हाय माजी!" साळूबाई ओरडल्या.

"एका रातीचा तर परश्न. देवाला न्हाई म्हंताय व्हय?"

देवाला नाही कोण म्हणणार? ठराव झाला. मला इतकी चीड आली की मी माईक ओढला आणि सांगितलं, स्वच्छ आहे म्हणजे घाण करायचा परवाना नव्हे. दादासोंनी माझ्या अंगावर शाल घातली आणि पुढचा विषय घेतला.

सभा सुटल्यावर साळूबाईंनी मला गाडीपाशी गाठलं. हातात अहवालाची प्रत होती.

"म्याडम, येवडं एक करा. माज्या रानात अजून सुरुंगाचं इख हाय, असं लिवून द्या."

"मावशी, मग हळद काढायला कोण येईल?"

"मी एकटी काढीन," त्या म्हणाल्या आणि माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.