बेंबी सरकली

माझ्या हाताला गुण आहे असं सगळं पूर्णगड म्हणायचं. कुणाच्या पोटात कळा आल्या, ढाळ लागले, अन्न नकोसं झालं, की आधी माझी, म्हणजे मथुराताईची, ओटी, मग डॉक्टर. सरकलेली बेंबी बसवायला मी सासूकडून शिकले. बोटं टेकवली की खाली ठोका लागतो. तो मधोमध असला तर ठीक, बाजूला असला तर बेंबी सरकली. मग तेल चोळायचं, बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या उपडा घालायचा आणि माणसाला तासभर उताणं पाडून ठेवायचं. तीस वर्षांत एकानेही तक्रार केली नाही. मला त्याचा माज होता, उगाच कशाला लपवू?

मृणाली माझ्या भावाची मुलगी. भाऊ बोटीवर, आई लहानपणीच गेली, म्हणून ती माझ्याकडेच वाढली. पळायचं आणि खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळवायची, एवढं एकच वेड. वयाची अट होती, यंदाची संधी शेवटची. निवडीची शर्यत एकवीस किलोमीटरची, तीही मे महिन्यात, नागपुरात. म्हणून तिच्या सरांनी, निलेशने, मार्चपासून तिला भर दुपारी सड्यावर पळायला लावलं. आमचा सडा म्हणजे नुसता कातळ, झाड औषधाला नाही. मी निलेशला म्हटलं, अरे मेल्या, पोरीला भाजून काढतोयस. तो म्हणाला, उन्हाची सवय नको का व्हायला? तिचे गुडघे दुखायचे, म्हणून पळायच्या आधी दुखण्याची गोळीही तोच द्यायचा.

दुसऱ्याच आठवड्यात ती पोट धरून घरी आली. ओकाऱ्या, कळा, आल्या आल्या संडासात. मी तिला ओटीवर आडवी केली आणि बोटं टेकवली. ठोका डावीकडे लागला. सरकल्येय, म्हटलं, आणि बसवली. तासाभराने पोर टवटवीत उठली, दोन वाट्या पेज प्यायली आणि विचारलं, उद्या पळू ना? पळ म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. तिने पळायचं, मी बसवायची. निलेशला तर मी ऐकवलंसुद्धा की तुझ्या गोळीने होत नाही ते माझ्या बोटाने होतं. एप्रिलात एकदा ती हळूच म्हणाली, आत्ये, संडासला रक्त पडतंय. मी म्हटलं, उष्णता झाली. आमच्याकडे काय, डोळे लाल झाले उष्णता, तोंड आलं उष्णता. सब्जा भिजवून दिला, कोकमाचं सरबत दिलं. तिला रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचं होतं. मीच नको म्हटलं. डॉक्टर पळणं बंद करायला सांगेल, मग नोकरीचं काय करशील? हे मी बोलले, ह्याच तोंडाने.

शर्यतीला बारा दिवस असताना ती सड्यावर पडली. सड्याखालच्या बागेतल्या गड्यांनी आंब्याच्या टेम्पोत घालून तिला रत्नागिरीला नेली. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही, खालून रक्त. दुसऱ्या दिवशी पोट उघडून आतड्याचा हातभर तुकडा काढावा लागला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे सांगत होत्या. एवढ्या उन्हात एवढं लांब पळलं की रक्त पायांकडे आणि कातडीकडे जातं, आतड्याला पुरत नाही. आतड्याचं अस्तर सोलवटतं, आतली घाण रक्तात उतरते आणि अंगभर दाह सुरू होतो. त्यावर दुखण्याची गोळी म्हणजे आगीत तेल. मी विचारलं, मग माझ्याकडे आडवी झाली की तिला बरं कसं वाटायचं? बेंबीचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तासभर सावलीत पडायची ना ती?" त्या म्हणाल्या. "तेवढ्यात आतड्याला रक्त परत मिळायचं. पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हाच आणायला हवी होती."

म्हणजे गुण होता तो पडून राहण्यात, माझ्या बोटांत नव्हताच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि ह्या अवलक्षणाने माझं काही गेलं नाही, पोरीचं गेलं.

आता तिच्या पोटावर संडासची पिशवी आहे. ती पुढेमागे निघेल म्हणतात, पण उन्हातलं लांब पळणं संपलं. निवडीची यादी लागली, तिने बघितली नाही. तिचे बूट मी माळ्यावर टाकले, तेही तिने विचारलं नाही. लोक अजून येतात पोट धरून. मी ओटीवरूनच परत पाठवते, डॉक्टरकडे जा म्हणून ओरडते. ताई शिष्ट झाल्या, असं त्यांना वाटतं.

काल पिशवी बदलून झाल्यावर मृणालीने माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. टाके बेंबीला वळसा घालून खाली गेलेत. बोटं आपोआप जागेवर गेली. ठोका मधोमध होता.

"आत्ये, खरं सांग," ती म्हणाली. "तेव्हा तरी सरकली होती काय गो?"

दर वेळी मला सरकलेलीच लागली होती, देवाशप्पथ. पण आता काय सांगणार होते? मी म्हटलं, नाही.

तिने मान हलवली. कुशीवर वळायला बघितलं, पण पिशवीमुळे त्या कुशीवर वळता येत नाही तिला. तशीच उताणी पडून कौलांकडे बघत राहिली.