लॉरीच्या काचेची टाकी

श्रीपत गायकवाड चौक गावात हायवेवरच्या एका गॅरेजात वेल्डर होता. लॉरीची चासी असो नाहीतर नांगराचा फाळ, तुटलेलं काहीही आणा, तो जोडून देई. "श्रीपतनं जोडलं म्हणजे दुसरीकडं तुटंल, पण तिथं नाय," असं ड्रायव्हर लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडे.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात तो खोपोलीकडं एका बंगल्याचं फाटक जोडायला गेला होता. उघड्या खिडकीतून त्याला दिवाणखान्यातली माशांची टाकी दिसली. हिरवं पाणी, आत दिवा, आणि त्या उजेडात फिरणारे केशरी मासे. आत या असं त्याला कुणी म्हटलं नाही. तो मात्र पाणी मागायच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा ओट्यावर गेला आणि डोळे भरून बघून आला.

कर्जतला घरी पोचल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, "चंद्रा, आपल्या घरात माशांची टाकी येणार."

"खायच्या माशांची?"

"बघायच्या गं!"

चंद्रभागा कर्जतच्या दवाखान्यात नर्स होती. नवऱ्यानं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होतेच, हे तिला ठाऊक होतं. श्रीपतनं लोखंडी अँगलचा सांगाडा जोडला, खिडकीच्या काचा मापात कापून बसवल्या, फटी लांबीच्या लगद्यानं बुजवल्या. भाताच्या पाटीएवढी टाकी झाली. ती त्यानं बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली टेबलावर ठेवली आणि विहिरीचं पाणी भरून मासे आणायला मुंबईला गेला.

दुकानात गेल्यावर त्याला काय घेऊ नि काय नको असं झालं. दोन गोल्डफिश घेतले, पडद्यासारख्या लांब परांचा एक एंजल घेतला, निळाजांभळा फायटर घेतला आणि काळ्या पट्ट्यांचे अर्धा डझन चिमुकले टायगर.

"हे सगळे एकत्र राहतील ना?" त्यानं विचारलं.

"आरामात राहतील, शेठ," दुकानदार म्हणाला.

त्या संध्याकाळी सगळी आळी श्रीपतच्या घरात होती. शेजारची इंदूबाई पदर सावरत म्हणाली, "सिनेमा बरा म्हनायचा यापुढं!" श्रीपत प्रत्येकाला नावं सांगत होता. बंगल्यातल्या टाकीत एकाच जातीचे मासे होते, आपल्याकडं चार जातीचे आहेत, हेही त्यानं सांगितलं.

दोन दिवसांत एका गोल्डफिशचं शेपूट झिजल्यासारखं दिसू लागलं. मग एंजलचे पर. फायटर दगडामागून बाहेर येईना. श्रीपत म्हणाला, "रोग हाय काहीतरी." त्यानं पाण्यात मीठ टाकलं. काही फरक पडला नाही. एका सकाळी एक गोल्डफिश पोट वर करून तरंगताना सापडला.

सुटीच्या दिवशी चंद्रभागा तांदूळ निवडायला टाकीसमोर बसली. हात सुपात आणि नजर काचेत. तांदूळ निवडून झाले तरी ती उठली नाही. श्रीपत आला तेव्हा म्हणाली, "रोग नाय हो. चावतायत."

"कोण?"

"ते पट्टेवाले. गोल्डफिश सुस्त हाय, त्याच्यामागून येतात आनि शेपटीचा तुकडा तोडून पळतात. एंजलचं बी तेच. बसा इथं, दिसंल तुमाला."

"एवढाएवढासा जीव, तो काय चावंल? खेळत असतील."

"खेळून कुनाचं शेपूट संपत नाय."

श्रीपत बसला नाही. टाकी आपण बांधली, मासे आपण निवडले, तर त्यातलं आपल्यालाच जास्त कळणार, अशी त्याची खात्री होती. फायटर दगडामागं बसतो तो एकटा आहे म्हणून, असं त्यानं ठरवलं, आणि पुढच्या खेपेला मुंबईहून त्याच्यासाठी जोडीदार आणला. लाल रंगाचा, दिसायला झकास.

तो त्यानं मुद्दाम रविवारी दुपारी टाकीत सोडला. खालापूरहून चंद्रभागेचा थोरला भाऊ धर्माजी जेवायला आला होता, त्याला टाकी दाखवायची होती. पाहुणे पाटावर बसले होते आणि श्रीपत हातातली पिशवी पाण्यात रिकामी करत म्हणाला, "बघा आता कशी कळी खुलते त्याची."

निळा दगडामागून बाहेर आला. दोघांनी पर फुलवले, गाल फुगवले, आणि दोघं एकमेकांभोवती गोल फिरले.

"नाचतायत!" धर्माजी म्हणाला.

तोवर लाल फायटरनं निळ्याचा पर धरला होता. पाणी ढवळून निघालं. परांच्या चिंध्या पाण्यात तरंगू लागल्या. श्रीपत काचेवर टिचक्या मारत "अरे, अरे" करत राहिला. चंद्रभागा स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन आली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि लाल फायटरला अलगद वर काढलं. लोणच्याची रिकामी बरणी तिनं आधीच पाणी भरून ठेवली होती. त्यात त्याला सोडलं.

"चावतात असं आदी सांगितलं होतं मी," ती पदराला हात पुसत म्हणाली. "तसबिरीखाली ही मारामारी मला नको."

धर्माजी खाली मान घालून भात कालवू लागला. श्रीपतचं तोंड उतरलं. पाहुणे गेल्यावर तो तडकला.

"भावासमोर माझी शोभा केलीस! नकोच ती टाकी. सगळे मासे उल्हास नदीत सोडून येतो."

"नदीत ते मरतील. नायतर नदीतल्यांना मारतील. आपन आनलेत ना घरी? मंग ते आपले."

"मंग काय करू? एवढीशी टाकी आनि कुनाचं कुनाशी पटत नाय!"

"त्यांचं काय चुकलं त्यात? तुमी त्यांना एकमेकांच्या उरावर बसवलंत." मग तिचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या हातात वेल्डिंग हाय. तुमाला टाकी कमी पडावी का?"

 नंतर श्रीपत टाकीसमोर जाऊन बसला, बायको ज्या जागी बसली होती तिथंच. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पट्टेवाला हळूच आला, उरलेल्या गोल्डफिशच्या शेपटीला तोंड लावलं आणि सुळकन पळाला. श्रीपतला एकदम वाईट वाटलं. एवढे दिवस हे आपल्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि आपण आळीला बोलावून दाखवत होतो.

गॅरेजामागं एक भंगारातली लॉरी उभी होती. तिची समोरची काच सपाट होती, एवढासुद्धा तडा नसलेली. मालकानं ती खुशीनं दिली. श्रीपतनं तिच्या मापाचा जाड अँगलचा सांगाडा केला, बाकीच्या बाजूंना जाड काच घातली, आणि टेम्पोतून ती टाकी घरी आणली. टेबल तिच्या वजनाला टिकणार नव्हतं, म्हणून भिंतीला लागून विटांचा ओटा बांधला.

पाणी भरायला आळीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. टाकी निम्मी झाली आणि एका कोपऱ्यातून पाण्याची धार लागली.

"गेली!" इंदूबाई ओरडली.

"जात नाय," श्रीपत म्हणाला. त्यानं पाणी उपसलं, कोपरा वाळवला, लांबी खरवडून नव्यानं भरली, आणि चार दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. दुसऱ्या वेळी टाकी काठोकाठ भरली. तो काचेला कान लावून उभा राहिला, जणू लोखंड काही बोलणार होतं. एक थेंब बाहेर आला नाही.

मोठ्या टाकीत गोल्डफिश सोडला. जुन्या टाकीत पट्टेवाले राहिले. एंजलसाठी श्रीपतनं उरलेल्या काचांची उंच टाकी केली, आणि दोन्ही फायटरांना वेगवेगळ्या बरण्या मिळाल्या. मधे चंद्रभागेनं पुठ्ठा उभा केला, कारण काचेतून एकमेकांना बघूनही ते फुगत होते. निळ्याचा एक पर कायमचा आखूड राहिला, पण तो जगला. पावसाळा सरता सरता गोल्डफिशला नवं शेपूट फुटलं. आधी पारदर्शक दिसे, मग केशरी झालं.

दिवाळीनंतर कुंभिवलीचा धाबेवाला लडकू टाकी बनवून घ्यायला आला.

"गल्ल्यावर मावंल एवढी कर," तो म्हणाला. "आत सगळ्या जातीचा एकेक टाक. गिऱ्हाईक थांबलं पायजे."

"कुठल्या जाती?"

लडकूनं बोटांवर मोजत नावं सांगितली. श्रीपतनं सगळी ऐकून घेतली आणि तो खडूनं जमिनीवर मापं काढू लागला.

"गल्ल्यावर नाय मावायची. दोन टाक्या लागतील तुला. आनि मोठ्या."

"तीन!" आतून चंद्रभागेचा आवाज आला.

श्रीपतनं मान वर न करता तिसरा चौकोन काढला.