दुफीच्या गाडीचे ब्रेक

मास्टर ग्याबाने आकडा सांगितला तेव्हा दुफी उभीच होती. तिच्यासाठी त्याने जुन्या टायरवर फळी टाकून बसायची सोय केली होती, पण आकडा ऐकल्यावर बसायचं तिच्या मनातही आलं नाही.

"चार हजार सहाशे सेडी," मास्टर पुन्हा म्हणाला. "पुढच्या दोन्ही डिस्क गेल्यात. पॅड तर तुम्ही डोळ्यांनी बघताय. डाव्या बाजूचा कॅलिपर अडकतोय. त्यात ब्रेक ऑइल आणि माझी मजुरी. मॅडम, तुम्हाला घरच्यासारखं सांगितलं. बाहेरच्याला मी पाच हजारांच्या खाली सोडलं नसतं."

"घरच्यासारखं म्हणून चार हजार सहाशे," दुफी म्हणाली. "मग मला बाहेरचीच समजा, मास्टर. घरच्यांचा अनुभव मला पुष्कळ आहे."

मास्टर हसला. तो नेहमीच हसायचा. मंगळवारी तिने गाडी आणून लावली तेव्हाही तो असाच हसला होता. तिची तक्रार एवढीच होती की ब्रेक दाबला की डावं चाक किंचाळतं. गाडी थांबत होती, नीट थांबत होती, फक्त आवाज यायचा. त्या आवाजाचे एका दिवसात चार हजार सहाशे झाले होते.

दुफी काही काल जन्मलेली नव्हती. माम्पाँगमध्ये पंचवीस वर्षं तिची पावाची भट्टी होती, आणि पावामागे पीठ किती, लाकूड किती, राबणाऱ्या हातांचे किती, हे ती झोपेतही सांगू शकली असती. कोण कुठे किती वर चढवतो हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. पण चाकाच्या आत काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला ठाऊक नाही हे मास्टरला पक्कं ठाऊक होतं. तिच्या संतापाचं खरं कारण ते होतं. नवरा, बादू, जिवंत असता तर हाच मास्टर मान खाली घालून 'काही नाही साहेब, जरा साफ करतो' म्हणाला असता.

बादूला जाऊन दोन वर्षं झाली होती. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याच्या घराण्याचे लोक जमले. त्यांच्यात माणसाचं जे काही असेल ते त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं. बायको म्हणजे दुसऱ्या घराण्याची. कायदा काय म्हणतो ते शहरातल्या वकिलाला विचारायचं, घराण्याच्या बैठकीत कायदा कोणी काढत नाही. भाचा द्वोमो गाडी मागत होता. खरं तर बादूने हयातीतच त्याला अगदी असलीच एक गाडी टॅक्सीसाठी घेऊन दिली होती, पण ते त्या दिवशी कोणाला आठवलं नाही. शेवटी घराण्याच्या प्रमुखाने निवाडा केला: दुफीला गाडी चालवता आणि राखता येते तोवर गाडी तिची. ज्या दिवशी ती दुरुस्तीविना उभी राहील त्या दिवशी घराण्याची.

तेव्हा दुफीच्या बाजूने एकच माणूस बोललं होतं, बादूची बहीण आणि द्वोमोचीच आई, पोकुआ. पोकुआच्या पायाला साखरेमुळे न भरणारी जखम होती. दर गुरुवारी दुफी तिला गाडीत घालून माम्पाँगचा घाट उतरून कुमासीच्या दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायची. खच्चून भरलेल्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये तो पाय घेऊन चढणं शक्य नव्हतं.

आज बुधवार होता. पैसे भरायचे तर भट्टीचं पीठ विकावं लागलं असतं. गाडी इथेच सोडली तर शनिवारपर्यंत ती घराण्याच्या दारात गेली असती. आणि तशीच नेली तर उद्या घाटात पोकुआ शेजारी बसलेली असणार. मास्टरच्या हातातल्या पॅडवर मसाला नावालाही उरला नव्हता, नुसतं लोखंड दिसत होतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

"तुमची गाडी आहे, मॅडम. चाक लावून देतो. नेताना जरा जपून न्या म्हणजे झालं." मास्टरने फडक्याला हात पुसले. "किंवा घराण्यात कोणी पुरुष माणूस असेल तर त्याला पाठवा. बायकांनी या भानगडीत पडूच नये."

दुफीने हात पुढे केला. "तो पॅड द्या."

"कशाला?"

"नमुना. भाव मी काढून आणते."

मास्टरचं हसू जरा लांबलं. कुमासीच्या सुआमे भागातल्या गॅरेजांत सगळं नमुन्यावर चालतं. जुना सुटा भाग हातात घेऊन दुकानात जायचं, तसाच नवा मागायचा. पण जातो मास्टर, गिऱ्हाईक पैसे देऊन सावलीत बसतं, आणि दुकानदार मास्टरचा वाटा भावात बसवूनच बोलतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

"उन्हात कुठे फिरता? मी आणतो ना."

"जुना माल गिऱ्हाइकाचा असतो, मास्टर. की तेही आता बदललं?"

शेजारच्या शेडमधले दोघं हातातलं काम थांबवून बघायला लागले होते. मास्टरने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. दुसरं काही करणं त्याला शक्यच नव्हतं.

न्यार्कोचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे होतं. आठ महिन्यांपूर्वी दुफीने पॅड तिच्याकडूनच घेतले होते. न्यार्को मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा खात बसली होती. तिने हात धुतले, पॅड उलटा केला, आणि लगेच परत ठेवला.

"आंटी, हा माझा माल नाही."

"तूच दिला होतास. विसरलीस?"

"विसरेन कशी? माझ्या प्रत्येक पॅडच्या पाठीवर मी दोन टिंबं ठोकते. नाहीतर अर्धं सुआमे दुसरीकडचा कचरा आणून मला बदलून मागेल. हे बघा, इथे फुली आहे. फुली तिठ्यावरच्या दुकानाची. तिथे टॅक्सीवाले जातात, स्वस्त मिळतं म्हणून." तिने पॅड नखाने खरवडला. "आणि हा दिवसभर रस्त्यावर असलेल्या गाडीचा आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा घाट उतरता. माझे पॅड तुम्हाला अजून दीड वर्ष पुरतील."

दुफीने पॅड पुन्हा कागदात गुंडाळला. मग तिने विचारलं, "समजा नवे घेतलेच, तर?"

"साडेतीनशे. मजुरी शंभर, हावरा असेल तर दीडशे. कोणी चार हजार सांगितले का?"

"चार हजार सहाशे."

न्यार्कोने केंकेचं ताट बाजूला सारलं. "त्याला म्हणावं, मग गाडीच ठेवून घे."

तेच तर ठेवून घ्यायचं होतं, पण हे दुफीला अजून कळलं नव्हतं. तिला वाटलं, मास्टरकडे झिजलेल्या पॅडांचा एक ठेवणीतला संच असेल, येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवायचा. एवढ्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ गॅरेजात न जाता गल्लीच्या ओपानिनकडे गेली. दर गल्लीला असा एक वडीलधारा मास्टर असतो. भांडणं त्याच्यापुढे जातात, आणि त्याने तोंड फिरवलं तर त्या माणसाला कोणी पान्हाही उसना देत नाही. ओपानिन झाडाखाली सोंगट्या खेळत होते. त्यांनी फुली पाहिली, डाव तसाच सोडला आणि काठी उचलली.

त्यांना येताना बघून मास्टर ग्याबा उठून उभा राहिला. डावं चाक उघडंच होतं. ओपानिन गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डिस्कवरून बोट फिरवलं, मग मागच्या पत्र्यात दोन बोटं घालून चणाडाळीएवढा खडा काढला.

"हा किंचाळत होता," ते म्हणाले. "डिस्कला काही झालेलं नाही. उजवं चाक उघड."

"उजवं कालच बघून बंद केलंय, ओपानिन. ते ठीक आहे."

"ठीक आहे तर उघडायला काय हरकत आहे?"

उजवं चाक निघालं. आत पॅड बसवलेले होते, नीट, घट्ट, गाडी रस्त्यावर न्यायला तयार. ओपानिननी ते काढायला लावले आणि दुफीच्या हातात दिले. तेही लोखंडापर्यंत झिजलेले होते, आणि त्यांच्याही पाठीवर फुली होती.

दुफी ते बघत राहिली. म्हणजे ठेवणीतला संच दाखवून पैसे काढायचा हा खेळ नव्हता. तिचे चांगले पॅड दोन्ही चाकांतून काढून घेतले होते आणि हे मेलेले बसवले होते. ती 'नाही' म्हणाली असती तर मास्टरने डावं चाकही असंच लावून दिलं असतं, वर जपून जा म्हणाला असता. उद्या घाटात तिने ब्रेक दाबला असता आणि खाली लोखंडावर लोखंड घसरत गेलं असतं.

"माझे कुठे आहेत?" तिचा आवाज इतका खाली गेला होता की मास्टरला पुढे वाकावं लागलं.

मास्टर ओपानिनकडे बघून बोलला. "द्वोमोच्या टॅक्सीत. मॅडम, तो म्हणाला, गाडी शेवटी त्याच्याकडेच यायची आहे. आकडा मोठा सांग, बाई सोडून देईल. पॅड तेवढे आत्ताच दे, एकाच घरातला माल आहे. मला वाटलं तुम्ही गाडी सोडूनच जाल."

"आणि मी नेली असती तर? तुम्ही मला जपून न्या म्हणालात, मास्टर. याच तोंडाने म्हणालात. माझ्याकडे बघून."

मास्टरने फडकं उचललं. आज पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

द्वोमोला फोन करून बोलावलं. तासाभराने तो टॅक्सी घेऊन आला तो हातात श्नॅप्स दारूची बाटली धरूनच. माफी मागायची रीत त्याला बरोबर ठाऊक होती. बाटली त्याने ओपानिनच्या पायाशी ठेवली आणि दोन्ही हात जोडून बोलला, "आंटी, चूक झाली. घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू."

"घरातली गोष्ट सुआमेच्या गल्लीत आणली कोणी?" दुफीने विचारलं.

ओपानिननी तिथल्या तिथे टॅक्सी जॅकवर घेतली. पॅड निघाले, पाठीवर दोन-दोन टिंबं. ते दुफीच्या गाडीत परत बसवून झाले, मजुरी शून्य, मास्टरला गल्लीचा दंड, आणि तीन महिने एकाही नव्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. सगळ्यांना वाटलं, झालं. ओपानिननी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, समाधान झालं ना?"

"ओपानिन, तुमच्या निवाड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," दुफी म्हणाली. तिने बाटलीला हात लावला नाही.

द्वोमो तिच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. घराण्याच्या बैठकीत ओरडणारा तो माणूस आता कुजबुजत होता. "आंटी, प्रमुखांना सांगा, सगळ्यांना सांगा. फक्त आईला नको. तिची तब्येत तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुला माहीत होती का?" दुफीने दार उघडलं. "मी नाही सांगणार. उद्या सकाळी सातला तू आमच्या गाडीत बसायचं. घाटाच्या डोक्यावर पोचलो की तू सांगशील. नाही आलास तर मी सांगेन, आणि मला थोडक्यात सांगता येत नाही."

गुरुवारी तो आला. मागच्या सीटवर गुडघे जुळवून बसला. पोकुआ पुढे, दुखरा पाय उशीवर ठेवून. मुलगा सोबत येतोय म्हणून तिला बरं वाटलं होतं; ती दुफीला दोनदा म्हणाली, बघ, शेवटी शहाणा झाला. दुफीने गाडी घाटाकडे वळवली. घाट सुरू झाला तशी तिने आरशात त्याच्याकडे बघितलं.

त्याने सांगितलं. अर्धं गाळून, आडवळणाने, मास्टरवर जास्त घालून. पण पॅडांचं सांगावंच लागलं, कारण आरशात दुफी होती.

पोकुआने मान वळवली नाही. समोर रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "गुरुवारी या गाडीत कोण बसतं, हे तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं आंटी गाडी ठेवून जातील, आई."

"आणि नसती ठेवली तर?"

एक लाकडाचा ट्रक धापा टाकत वर गेला. पोकुआने हात पुढे करून दुफीच्या मनगटावर ठेवला. "गाडी थांबव."

दुफीने ब्रेक दाबला. उतारावर गाडी उभी राहिली.

"उतर," पोकुआ म्हणाली.

"इथे? आई, इथे एकही ट्रोट्रो थांबत नाही."

"उतर. शनिवारी बैठक बोलव, मी येते. गाडी कोणाची ते मीच सांगेन. मामाचा वारसा माझ्या पोटातून तुझ्याकडे आलाय, तो मला परतही घेता येतो."

तो उतरला. दार नीट लागलं नाही म्हणून पोकुआने त्याला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग तिने पाय उशीवर सरकवला, डोळे पुसले, आणि उशीर झाला की ड्रेसिंगची रांग फार वाढते असं म्हणाली. दुफीने ब्रेक सोडला.