वळणावरचं सूप

सिल्वानो कोसूता वळणावर सूप वाढतो, ही गोष्ट त्या गाडीवर सगळ्यांना ठाऊक होती.

व्हेनिसहून व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, तिथून प्राग असा गाडीचा आठ दिवसांचा फेरा. डबे शंभर वर्षांचे, आत चकचकीत लाकूड आणि पितळ. पाहुणे तिला राणी म्हणत, काम करणारी मंडळी नुसतं ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीच्या डायनिंगच्या बोगीत एक जुना नियम होता. सूप वाढायचं ते रूळ सरळ असतानाच. कुठल्या स्टेशनानंतर किती मिनिटं सरळ रूळ मिळतो हे तिथल्या वेटरना पाढ्यांसारखं पाठ असे. गरम सुपाचं भांडं डाव्या हातावर, उजव्या हातात चांदीचा डाव, आणि समोर रेशमी कपड्यातला माणूस. अशा वेळी वळणाशी खेळ कशाला?

सिल्वानो मात्र गेल्या ऑक्टोबरपासून नेमकी वळणाचीच वाट बघायचा. गाडी कलली, पेले किणकिणू लागले, की तो पाहुण्याच्या बाजूला वाकून सूप ओतायचा. एखादा थेंब सांडला तर पाहुणे हसून सोडून द्यायचे. नाही सांडला तर टाळ्या वाजवायचे.

“साठी उलटली तरी या त्रिएस्तेकराची मिरवायची हौस काही जात नाही,” आचारी बाप्तिस्त भटारखान्यातून ओरडायचा. “उद्या एका पायावर उभा राहून वाढशील.”

“तू आधी दोन पायांवर उभा राहून मीठ नीट घालायला शीक,” सिल्वानो म्हणायचा. सगळे हसायचे.

ती हौस नव्हती. त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. त्याच्या गावच्या, त्रिएस्तेच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं, आणि ते बरं होणारं नाही हेही सांगितलं होतं. सरळ रुळावर सगळं स्थिर असतं, हलणारा हात लगेच दिसतो. वळणावर सगळंच हलतं. मग एक हात कोण वेगळा बघणार? हे त्याची बायको नेरीना सोडून कुणालाही माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या बोगीत काढली ती सोडून घरी खिडकीशी बसायचं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

इथवर खोटं होतं ते त्याच्यापुरतं होतं. पण तो मुख्य वेटर होता आणि इल्का त्याच्या हाताखाली होती. बुडापेस्टची, चौतिशीची, एका मुलाची आई. चार वर्षं ती त्याच्याकडे काम शिकत होती आणि याच फेरीत तिला मुख्य वेटरच्या मदतनिसाचा काळा कोट मिळाला होता. हिवाळ्यात एकदा तिने सरळ विचारलं होतं, “मास्तर, सरळ रूळ सोडून तुम्ही वळणावर का वाढता?”

माझी लहर, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. पण शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न आला की उत्तर द्यावंसं वाटतंच. तो म्हणाला, “सरळ रुळावर कुणीही वाढेल. हात तयार होतो तो वळणावर.”

तिने ते मनात धरून ठेवलं.

काल दुपारी गाडी व्हिएन्नाच्या अलीकडे सेमेरिंगच्या घाटात होती. पुलामागून पूल, वळणामागून वळण. इल्काने फ्रान्समधल्या ल्योंहून आलेल्या एका वयस्कर बाईंना सूप वाढायला घेतलं, गाडी कलली, आणि उकळतं सूप बाईंच्या मनगटावर गेलं. फोड आले. व्हिएन्नाला गाडी थांबल्याबरोबर बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं.

आज सकाळी गाडी व्हिएन्नाच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी होती. पाहुणे राजवाडा बघायला गेले होते. गाडीच्या व्यवस्थापक लांगरबाईंनी दोघांना रिकाम्या डायनिंगमध्ये बोलावून घेतलं.

“नियम माहीत होता ना?” त्यांनी इल्काला विचारलं.

“हो.”

“मग वळणावर कशाला गेलात?”

इल्का टेबलावरच्या कापडाची सुरकुती सरळ करत राहिली. एकदाही तिने सिल्वानोकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

लांगरबाई त्याच्याकडे वळल्या. “तुम्ही वाढता वळणावर, ते मी चालवून घेतलं. तुमचा हात चाळीस वर्षांचा आहे. पण हिला तुम्ही तसं शिकवलं होतं का?”

सिल्वानोने उजवा हात टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता. “शिकवलं असं... म्हणता येणार नाही,” तो म्हणाला.

“ठीक आहे. इल्का, तुम्ही बुडापेस्टला उतरायचं. सामान बांधून ठेवा.”

बुडापेस्टच्या फलाटावर तिची आई आणि सहा वर्षांचा मुलगा काळा कोट बघायला येणार होते. हे सगळ्या गाडीला माहीत होतं, कारण व्हेनिसपासून तिने दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

नंतर सिल्वानो भांडी ठेवायच्या चिंचोळ्या खोलीत गेला. इल्का तिथे आपला एप्रन घडी करत होती. चिडली असती तर त्याला सोसलं असतं. पण ती म्हणाली, “तुमचं नाव मी घेतलं नाही, मास्तर. तुम्ही काय चुकीचं सांगितलं होतं? माझाच हात कच्चा निघाला.”

सिल्वानोने आजवर पंचवीस-तीस पोरांना वेटर केलं होतं. कुणी मठ्ठ होतं, कुणी आळशी. पण चुकीचं शिकवून वर ‘तुझाच हात कच्चा’ असं एकालाही त्याने ऐकवलं नव्हतं. ही तर ते आपल्याच तोंडाने म्हणत होती. तो तसाच बाहेर पडला आणि भटारखान्यात गेला.

“एका माणसापुरतं सूप गरम कर.”

“आत्ता?” बाप्तिस्तने कांदा चिरता चिरता मान वर केली. “गाडीत एक पाहुणा नाही. आणि गाडी उभी आहे, तुला वळण कुठून आणून देऊ?”

“वळण नको. सूप दे.”

लांगरबाई अजून त्याच टेबलाशी अहवाल लिहीत होत्या. सिल्वानोने त्यांच्यासमोर खोलगट ताटली ठेवली. त्या काही विचारणार तोच त्याने भांडं डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने डाव बुडवला.

गाडी उभी होती. एकही पेला किणकिणत नव्हता. डाव तेवढा भांड्याच्या काठावर वाजत होता, थांबत नव्हता. त्याने तो उचलला. अर्धं सूप ताटलीत पडलं, अर्धं टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर. दुसऱ्या डावाला अहवालाचा कागद भिजला. लांगरबाईंनी कागद ओढून घेतला नाही. तिसरा डाव ओतून त्याने भांडं खाली ठेवलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“ऑक्टोबरपासून.”

“आणि हे वळणाचं?”

“वळणावर सगळंच हलतं, बाई. तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं की हात असाच तयार होतो. शिकवलं मीच. मघाशी खोटं बोललो.”

लांगरबाईंनी ओला कागद उचलून बाजूला ठेवला. “नियम तिनेही मोडलाच आहे,” त्या म्हणाल्या. “ताकीद राहील. पण ती गाडीवर राहील. बुडापेस्टला उतराल तुम्ही. त्रिएस्तेचं तिकीट मी काढून देते.” मग हळूच म्हणाल्या, “मला आधी सांगितलं असतंत तर कोठाराचं काम देऊन गाडीवर ठेवलं असतं. आता पाहुणी भाजली आहे. आता मला नाही देता येणार.”

“कळतं मला,” सिल्वानो म्हणाला.

तो वळला तेव्हा दारात इल्का उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तीन वाजता गाडी सुटली. व्हिएन्नाच्या पुढचा रूळ सपाट मैदानातून जातो, आखल्यासारखा सरळ. भांड्यांच्या खोलीत सिल्वानो आणि इल्का समोरासमोर उभी होती. इल्काने एप्रन पुन्हा बांधला होता. आभार वगैरे तिने मानले नाहीत.

“त्या बाईंच्या हाताची कातडी निघाली आहे,” ती म्हणाली. “मी रात्रभर माझ्या हाताकडे बघत बसले होते. काय कमी आहे याच्यात, म्हणून.”

“त्यात काही कमी नाही.”

“ते मला आता कळलं. मला हे सांगा, तुमच्या हातासाठी आणखी काय काय शिकवलंत मला?”

सिल्वानोने मान खाली घातली. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

“कॉफी अर्धा कप ओतायची आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचं,” तिने सुरुवात केली. “ते?”

“माझ्यासाठी. भरलेला कप मला नेता येत नाही.”

“पेला ठेवताना पाहुण्याशी बोलत राहायचं?”

“तेही. बोललं की माणूस तोंडाकडे बघतो, हाताकडे नाही.”

“चालताना गुडघे सैल ठेवायचे?”

“ते खरं आहे. ते सोडू नकोस.”

“ताटं वाटेकडून नाही, खिडकीकडून मांडत यायचं?”

“खरं. गाडी हलली तरी मांडलेल्या ताटावरून हात न्यावा लागत नाही.”

“आणि मासा? टेबलाशी काटे काढायचे नाहीत, आतूनच साफ करून आणायचा. तुम्ही म्हणालात, आता पाहुण्यांना काटे बघायला आवडत नाहीत.”

सिल्वानोने फळीवरच्या लांब सुरीकडे बघितलं.

“मास्तर, मी हिवाळाभर घरी मासे आणून ते आधीच साफ करायला शिकले. मुलगा वैतागला, रोज मासा म्हणून.”

“पाहुण्यांना आवडतं,” तो म्हणाला. “ते मान वळवून बघतात. टेबलाशीच काढायचे असतात काटे. तुला ते दाखवायलाच हवं होतं. माझ्याने होत नव्हतं, म्हणून मी ते कामच रद्द करून टाकलं.”

इल्काने फळीवरून लांब पात्याची सुरी आणि चपटा चमचा काढला. दोन्ही त्याच्यासमोर धरले, मग काहीतरी सुचल्यासारखं करून परत आपल्याकडे घेतले.

“बुडापेस्टला अजून दोन तास आहेत,” ती म्हणाली. “बाप्तिस्तकडे ट्राउट मासे आहेत. तुम्ही हात लावायचा नाही. नुसतं तोंडाने सांगायचं. आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं, काहीतरी ठोकून द्यायचं नाही.”

“बरं,” सिल्वानो म्हणाला.

ती मासा घेऊन आली. तो बाजूला सरकून उभा राहिला, डोळे मिटून त्याने आधी सगळं मनात नीट लावून बघितलं आणि मग म्हणाला, “डोक्यापासून नाही. पाठीवरून सुरू कर.”