घरचं कोण?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अंबडच्या बसस्थानकाजवळ एक छोटी लॅब आहे, रक्त-थुंकी तपासायची. तिथल्या खिडकीशेजारच्या टेबलावर माझं सगळं आयुष्य गेलं. 'संगणक' हे माझं पाळण्यातलं नाव. त्या नावाने मला इथे कोणी हाक मारत नाही. काम नीट चाललं की मी 'मशीन' असतो आणि अडलं की 'डबडं'. दोन्ही नावांना मी सारखाच ओ देतो, कारण ऐकणं हाच माझा धर्म. सांगितलं तेवढं करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही.

माझे अवयव कुठल्या कुठल्या देशांत घडले ते मला ठाऊक नाही, पण जन्म माझा जुन्या जालन्यातला. कापडाच्या ठोक दुकानावरच्या माडीवर एका कारागिराने सगळे भाग एका पेटीत बसवले आणि स्क्रू आवळले. लॅबचे मालक रामकिसनकाका मला न्यायला आले होते. एस.टी.त त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "सामान खाली ठेवा." काका म्हणाले, "सामान न्हाई हो ते, आमच्या लॅबचं पोरगं हाय." सगळी गाडी हसली. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलंच, पण मला खाली ठेवायला लावलं नाही.

काका मोठ्या मऊ मनाचे. पेशंटच्या दंडात सुई टोचताना ते स्वतःच आधी 'आई गं' म्हणतात. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नाही. त्यांच्या हाताखाली सत्यशीलाताई. ती नमुने तपासायची आणि माझ्यावर रिपोर्ट टाइप करायची. एक वेलांटी चुकली तरी सगळं पान पुन्हा छापायची. माझ्या आधी रिपोर्ट हाताने लिहीत, आणि अक्षर फक्त शेजारच्या मेडिकलवाल्याला लागायचं. माझ्यामुळे छापील रिपोर्ट मिळू लागले. लोक कौतुकाने माझ्याकडे पाहायचे. मी तेव्हा किती ऐटीत गुरगुरायचो म्हणून सांगू!

पण माझं दार सताड उघडं होतं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, आणि तोही विसरायला नको म्हणून माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला. सगळ्यात जास्त यायचा तो पप्पू, शेजारचा मेडिकलवाला. मनाने सोन्यासारखा माणूस. कोणाला अर्ध्या रात्री औषध लागलं तर चप्पल न घालता धावणारा. पण त्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही. एकदा मित्राच्या वाढदिवसाचं बॅनर माझ्यात ठेवायला जागा हवी म्हणून त्याने काही फायली उडवल्या. त्या रिपोर्टच्या निघाल्या. सत्यशीलाताईने एकेक नमुन्याची नोंद शोधून सगळं नव्याने टाइप केलं. ती रागावली नाही, पण त्या आठवड्यात पप्पूच्या हातचा चहा तिने घेतला नाही.

मग तिने संघपालसरांना बोलावलं. ते तिथल्याच कॉलेजात संगणक शिकवायचे. त्यांनी माझी तब्येत पाहिली आणि काकांना समजावलं, "काका, घर एक असलं तरी प्रत्येकाची खोली अलग पाहिजे. ज्याची त्याची किल्ली. कोणी नुसतं पाहावं, कोणी बदलावं, कोणी उंबऱ्यापाशीच थांबावं, हे एकदा ठरवून द्यायचं. मंग मशीन बराबर सांभाळतं."

काकांना ते पटलं. सरांनी प्रत्येकासाठी वेगळं खातं उघडलं. एका खात्यातलं दुसऱ्याला दिसेना. मला पहिल्यांदाच अंगभर कपडे घातल्यासारखं वाटलं.

सरांचा आणखी एक हट्ट होता. नियम नुसते यंत्रात असून भागत नाहीत, ते माणसाला वाचता येतील असे लिहून ठेवले पाहिजेत. उद्या मी नसलो तर तुम्हाला कळायला नको का, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी कागद घेतला आणि काकांनी साध्या भाषेत नियम सांगितले. त्यातला मुख्य नियम असा होता: 'रिपोर्ट फक्त घरच्यांनी पाहावेत.'

घरचे म्हणजे लॅबचे, म्हणजे काका आणि सत्यशीलाताई. सांगणाऱ्याला तेच म्हणायचं होतं आणि लिहिणाऱ्यालाही तेच समजलं. सरांनी माझ्यात 'घरचे' नावाचा एक गट केला, त्यात ती दोन नावं घातली आणि रिपोर्टची खोली त्या गटाला उघडी केली. कागद भिंतीवर लागला. कागद आणि मी तंतोतंत जुळत होतो. पुढे सरांना बदनापूरला नोकरी लागली आणि ते निघून गेले.

आता आपल्या भागातली रीत तुम्हाला सांगायला नको. दारात कोणी संकोचून उभं राहिलं की आपण काय म्हणतो? "या की आत, तुम्ही तर घरचेच!" तसं न म्हणणारा माणूस इकडे माणूसघाणा ठरतो.

एके दिवशी पप्पू आला. त्याच्या खात्यातून छपाई होत होती, पण रिपोर्टची खोली काही उघडेना. सत्यशीलाताई सुट्टीवर गेली होती आणि एका म्हाताऱ्या पेशंटला रिपोर्ट काढून द्यायचा होता. काकांचे हात नमुन्यांत गुंतलेले. पप्पूने भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"घरच्यांनी पाहावेत. आन् मी काय परका हाय का काका?"

"आरं, असं काहून बोलतो? तू तर घरचाच!"

काकांनी हात धुतले, सरांनी शिकवल्याप्रमाणे माझ्यात गेले आणि 'घरचे' गटात पप्पूचं नाव घातलं. मी मुकाट्याने ते लिहून घेतलं. त्यानंतर जागेच्या मालकाचा मुलगा घरचा झाला, नमुने नेणारा माणूस घरचा झाला, काकांचे साडू जालन्याहून आले तेव्हा तेही घरचे झाले. सत्यशीलाताई कुरकुरली, तर काका भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "नियम कुठं मोडला बाई?" आणि खरंच, नियम मोडलाच नव्हता. कागदाप्रमाणेच सगळं चाललं होतं.

मग अर्पिता आली. तुम्ही तिच्या वयाच्या ताईकडे शिकवणीला जात असाल. तशीच ती, घरच्या ओसरीवर लहान मुलांना शिकवणारी. तिचा खोकला जाईना म्हणून डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली होती. नमुना देऊन ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी शिकवणी आटोपली की येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलाताईने तो रिपोर्ट माझ्यात भरला. क्षयाचे जंतू सापडले होते. तिने पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. दुपारी पप्पू दुसऱ्याच कोणाचा कागद छापायला बसला, तेव्हा त्याला यादीत ओळखीचं नाव दिसलं. त्याने ते उघडलं. मी गटातली नावं पाहिली, त्याचं नाव होतं, दार उघडलं.

पप्पूच्या मनात पाप नव्हतं. त्याचा भाचा तिच्याकडेच शिकायला होता. त्याने काळजीपोटी बहिणीला फोन केला. बहिणीने शेजारणीला केला. शेजारणीने पुढे कोणाला केला, ते मला माहीत नाही.

संध्याकाळी अर्पिता ठरल्या वेळेच्या आधीच लॅबमध्ये आली. तिच्या हाताला अजून खडू लागलेला होता.

"काका, आज माझ्याकडं एक बी लेकरू आलं न्हाई. एका घरी विचारायला गेल्ते, तर त्या बाईनं पदर तोंडाला लावून दार लोटलं. काय निघालंय माझ्या रिपोर्टात?"

सत्यशीलाताईने तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. औषधं नियमित घेतली की हा रोग पुरता बरा होतो, हेही सांगितलं. मुलांची तपासणी करून घ्यावी लागेल, तेही सांगितलं.

"ते मीच सांगितलं असतं की!" अर्पिता म्हणाली. "लेकरांच्या जिवाशी मी खेळले असते का? मी सोता घरोघर गेले असते, तपासून घ्या म्हनले असते. आता मी सांगायला गेले तर चोरी पकडल्यावानी दिसंल. गावाला आधी कळलं, मला सगळ्यात शेवटी." ती उठली. "डॉक्टर म्हनतेत, पुन्हा पुन्हा तपासावं लागंल. मी इथं यायची न्हाई. कुठंच जायची न्हाई."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पंख्याची घरघर मलाच नकोशी झाली. औषध अर्धवट सोडलं, तपासणी टाळली, तर हा रोग माणसाला खातो. तिचा रोग बरा होण्यासारखा होता. लॅबवरचा विश्वास मात्र पार उडाला होता.

दाराशी ती थांबली. भिंतीवरचा कागद तिला दिसला. तिने तो नीट वाचला, शिक्षिकेसारखा.

"काका, माझ्या रिपोर्टासाठी घरचं कोन?"

काकांनी कागदाकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली. "आधी मी. मंग मी म्हनंल ते." आणि ती गेली.

काकांनी तो कागद भिंतीवरून उतरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. त्याच आठवड्यात त्यांनी संघपालसरांना बदनापूरहून बोलावून घेतलं. सरांनी 'घरचे' गट उघडून नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. "शब्द माझा चुकला," ते म्हणाले. "मशीनला नातं कळत न्हाई."

नव्या कागदावर 'घरचे', 'आपले', 'ओळखीचे' असा एकही शब्द नाही. आता नावं आहेत. सत्यशीलाताईने रिपोर्ट लिहावा. काकांनी पाहावा, बदलू नये. बाकी कोणालाही दिसू नये. ज्याचा रिपोर्ट, त्याने सांगितल्याशिवाय तो कोणाच्याही हातात पडू नये, मग विचारणारा सख्खा भाऊ का असेना. नवं नाव घालायचं तर ते का घातलं, हे कागदावर लिहावं आणि खाली सही करावी.

दुसऱ्या दिवशी पप्पू आला. मी त्याला उंबऱ्यापाशी थांबवलं. त्याने पुन्हा पुन्हा कळ दाबून पाहिली.

"झालो ना परका?" तो म्हणाला.

काकांच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं, मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "न्हाई जमायचं, पप्पू."

सत्यशीलाताई म्हणाली, "परका न्हाई, दादा. पन दुखनं तिचं हाय."

मग ती तो नवा कागद घेऊन अर्पिताच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही, मी टेबलावरच होतो. पण तपासणीची वेळ आली त्या दिवशी अर्पिता लॅबच्या दारात उभी होती. तिने थुंकीची डबी पुढे केली. पुढच्या खेपेलाही आली. औषधांचा शेवटचा डोस संपल्यावर पुन्हा आली, आणि तेव्हाचा रिपोर्ट ती समोर बसलेली असतानाच मी छापला. जंतू नव्हते. तिने तो दोनदा वाचला, घडी केली आणि सरळ शेजारच्या मेडिकलमध्ये गेली. खिडकीतून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

"पप्पूदादा, हे वाचा. मी बरी झाले. आता सांगा सगळ्या गावाला."

पप्पूने कागद दोन्ही हातांत धरला.

"ताई," तो म्हणाला, "नक्की सांगू का?"

ती हसली, मान डोलावली, आणि पप्पू चप्पल न घालता रस्त्यावर धावला.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्या शेजारी नव्या मशीनचं खोकं येऊन पडलं आहे. मला रोज पुसा, माझी धूळ झटका, असं मी मागत नाही. मागणं एवढंच आहे की मला भंगारात द्याल तेव्हा माझं पोट आधी पुरतं पुसून घ्या. त्यात अजून कितीतरी जणांची दुखणी आहेत, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली आहेत ते मला ठाऊक नाही. भंगारवाला भला माणूस असेल, पण तो कोणाच्या घरचा, हे ज्यांची दुखणी त्यांनाच ठरवू द्या.