यकृत धुण्याचं चूर्ण

आईच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळाधमक झाला, तेव्हाही दादा म्हणाला, "आतली घाण बाहेर पडतेय. लक्षण चांगलं आहे."

दादा यकृत धुऊन काढणारं चूर्ण विकतो. सुरुवात त्याने घरापासूनच केली. आई ते रोज उपाशीपोटी घेत राहिली. लेकाचा धंदा, म्हणून चमच्यावर शीग ठेवून.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. "आपण जे खातो, ते शोषून घेतलेलं रक्त आतड्यांतून आधी यकृतात येतं. विषं तिथे मोडली जातात, साखर तिथे साठते, रक्त गोठवणारी प्रथिनं तिथेच घडतात. त्याला बाहेरून कुणी धुवावं लागत नाही. धुणारं तेच आहे. आणि अतोनात सोशिक. बरंचसं निकामी होईपर्यंत हूं की चूं करत नाही. तुमच्या आईंचं अजून सावरेल, पण ते चूर्ण आजपासून बंद. एक चमचाही नको."

मी खोलीत परतले, तर दादा पेल्यात तेच ढवळत होता.

"ठेव तो पेला. डॉक्टरांनी बंद सांगितलंय."

"मग त्यांचं दुकान कसं चालायचं?" तो हसला. "झाडपाला आहे गं. झाडपाल्याने कुणी मरतं का?"

"धोतरा काय दगड असतो?"

"फार शिकलीस हं, शेंडेफळ!"

"मग तू पी."

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत माणसानेही घ्यावं, असंच सांगून विकतोस ना? पी!"

त्याने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि थांबला.

त्या थांबण्यात सगळं उघडं पडलं. एवढी प्रवचनं झोडणाऱ्या या माणसाने स्वतः एक घोटही घेतला नव्हता. आईनेही ते पाहिलं. मला वाटलं, आता तरी तिचे डोळे उघडतील.

तिने सलाईनची सुई टोचलेला हात पुढे केला. "दे इकडे. लहानपणापासून कडू सोसत नाही त्याला. उगाच छळू नकोस माझ्या पोराला."

आणि दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, सुटका झाल्यासारखा पेला तिच्या हातात दिला.

मी तो हिसकावला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मी तो काळपट रेंदा बेसिनमध्ये ओतला, नळ पूर्ण सोडला.

"चालती हो," आई भिंतीकडे वळत म्हणाली.

मी गेले नाही. दादाच्या पिशवीत आणखी पुड्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि त्या दोघांच्या मधोमध बसले.