हैबतरावांचा ‘पण’

“खड्डा,” मी म्हटलं.

“दिसतोय,” हे म्हणाले, आणि गाडी त्यातच घातली.

वडखळपासून नागोठण्यापर्यंत हा आमचा अकरावा संवाद होता आणि अकराही वेळा खड्डाच जिंकला होता. माझी कंबर येझदीच्या मागच्या सीटवर होती की सीटच्या खाली लोंबत होती, हे मला आता सांगता आलं नसतं.

“मी नाथाभावजींच्या मागे बसू का?”

“बस की. त्याच्या राजदूतला मागं पाय ठेवायला काय नाय. लोंबकळत जा रोह्याला.”

हे म्हणजे माझे यजमान, दिनानाथ. वय सत्तावन्न. पेणला गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं स्प्रे गन हातात, आणि तिथलं काम उरकलं की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या मोटारसायकलींना रंग. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला, उजव्यातला पिकत आलेला. शिबिरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची चिठ्ठी दिली त्याला आठ महिने झाले. ती चिठ्ठी यांनी शेडमध्ये थिनरच्या डब्याखाली ठेवली आहे. फळीवर डाग पडू नये म्हणून.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही मंडळी जुन्या गाड्या घेऊन पेणहून रोह्याला जातात, नाहीतर रोह्याची मंडळी पेणला येतात. बावीस वर्षं हे चाललं आहे. मी कधी जात नाही. आज गेले, कारण आज काय होणार याची मला धास्ती होती आणि घरी बसून ती सोसवली नसती.

या माणसांचा मुख्य छंद गाडी चालवणं हा नाही. खोड काढणं हा आहे. त्यांचे पुढारी हैबतराव, एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. कुणी नवी रंगवलेली गाडी आणली की हैबतराव हात मागे बांधतात, गाडीला एक प्रदक्षिणा घालतात आणि म्हणतात, “सुंदर. पण...” हा ‘पण’ कमीत कमी अर्धा तास चालतो. एकदा आमच्या ओटीवर एका बोल्टचं डोकं गाडीच्या सालचं आहे की पुढच्या सालचं, यावर चार कर्ते पुरुष अडीच तास भांडले. सोळा कप चहा झाला. शेवटी बोल्ट दुसऱ्याच गाडीचा निघाला.

यांच्या रंगावरही ‘पण’ निघतोच. कडेला ओघळ आला, मडगार्डच्या आत हात नीट बसला नाही. हे चिडतात, वाद घालतात, आणि रात्री जेवताना मला म्हणतात, “हैबत्याची नजर मात्र हाय हो.”

आता सुलेमानभाईंचं सांगते. रोह्याचे. एकोणीस वर्षं कुवेतला काढून परत आले आणि आल्या आल्या भाताच्या गिरणीमागे सडत पडलेली एक जावा विकत घेतली. तिचे भाग गोळा करायला दोन वर्षं घालवली. सगळं जुळल्यावर टाकी आणि मडगार्डं घेऊन आमच्याकडे आले.

“लाल काय, कोण पण मारील,” ते म्हणाले. “टाकीच्या दोन्ही कुशींना हस्तिदंती हाय ना, तो तेवढा तुमच्या हातचा पायजे, दिनाभाऊ. तो तुमच्याशिवाय कुणाला जमत नाय.”

आणि खिशातून त्यांनी जुन्या पत्र्याचा एक तुकडा काढला, कंपनीतून निघतानाचा हस्तिदंती जसाच्या तसा असलेला. यांनी तो बघितलासुद्धा नाही. “नमुना नवशिक्याला लागतो. रंग माझ्या डोक्यात हाय.”

डोक्यात होता, ते खरंच. डोळ्यांत नव्हता, तिथे मोतीबिंदूने सगळंच पिवळट केलं होतं. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा यांनी पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब सोडला, काठीने ढवळलं, डबा उजेडाला धरला. “फार पिवळा झाला.” मग थोडा निळा. पुन्हा बघितलं. “अजून पिवळाच.” पुन्हा निळा. डब्यातला रंग मला निळीत बुडवून काढलेल्या बनियनसारखा दिसत होता.

“अहो, निळसर नाही वाटत?”

“सरू, तू आमटीतलं मीठ बघ.”

मी जाऊन आमटीतलं मीठ बघितलं. हा माझा गुन्हा. रागाने तीन दिवस शेडकडे फिरकले नाही, आणि राग उतरला तोवर टाकीवर रंगाचे तीन हात चढून वर चकाकी आली होती.

तसं पाहिलं तर कारखान्याच्या मालकांनाही कळलं असावं. यंदा त्यांनी यांना मूर्तींवरून काढून मूर्तीखालच्या पाटांच्या रंगावर बसवलं. “पाटाला तुझ्यासारखा हात नाही,” म्हणाले. हे खूश होऊन घरी आले. मी पोळी उलटत राहिले.

रोह्याला पोचलो तेव्हा सुलेमानभाईंच्या अंगणात गाडी चादरीखाली उभी होती. मी आत त्यांच्या बायकोकडे, अमीनाभाभींकडे गेले. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

“वहिनी, तुमी बघितलाव ना तो रंग?”

“बघितला.”

“गुरुवारी टाकीवरचा कागद काढला आणि हे मटकन खालीच बसले. मग सगळ्यांना फोन. पेणला हैबतरावांना, नाथांना, सगळ्यांना. कुणी काय बोलायचं नाय. दिनाभाऊचं मन मोडायचं नाय. मी म्हटलं, अवो, दोन वर्षं घालवलीत तुमी त्या गाडीत. तर म्हणाले, गाडी काय, रंग काय, दिनाभाऊ एकच हाय.”

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. चार टोणगे, एरवी एकमेकांच्या नटबोल्टांची आईबहीण काढणारे, आज फोनाफोनी करून सज्जन व्हायला निघाले होते!

बाहेर चादर ओढल्याचा आवाज आला. आम्ही दोघी दारात आलो.

भर उन्हात ती गाडी उभी होती. लाल रंग आमसुलासारखा गर्द आणि खोल, बोट बुडेल असा. आणि त्या लालाच्या कुशीत ते दोन निळसर पांढरे पट्टे, दवाखान्याच्या भिंतीसारखे.

हैबतरावांनी हात मागे बांधले. प्रदक्षिणा घातली. थांबले.

“सुंदर,” म्हणाले.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. अंगणात एक कोंबडी काहीतरी टिपत होती, तिचाच काय तो आवाज.

“एक नंबर,” नाथाभावजी घाईघाईने म्हणाले.

“माशाल्ला,” सुलेमानभाई म्हणाले. “हुबेहूब.”

हे हसत उभे होते, ते तसेच उभे राहिले. हसू मात्र हळूहळू उतरत गेलं.

“पण?” यांनी विचारलं.

“पण काय?” हैबतराव म्हणाले.

“ते तू सांगायचंस. पण काय?”

“पण काय नाय रे दिन्या. झकास झालीय.”

“बावीस वर्षांत तू मला झकास म्हटला नाय.”

“मग आज म्हटला. काय बिघडलं?”

“माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तू जिलबीत खोड काढलीस, हैबत्या. वाकडी हाय म्हणालास. जिलबी!”

हे टाकीजवळ गेले. वाकून नाक टेकेल इतक्या जवळून पट्टा बघितला, मग मान मागे घेऊन लांबून बघितला. डावा डोळा मिटून बघितला, उजवा मिटून बघितला. हैबतराव पायाखालची माती बघत होते. मग हे वळले आणि अंगणातल्या सगळ्यांना ओलांडून थेट दाराकडे बघू लागले.

“सरू, तू सांग. कुठला रंग हाय हा?”

सुलेमानभाईंनी यांच्या पाठीमागून माझ्यापुढे हात जोडले. अमीनाभाभींनी माझं कोपर धरलं. मला ते सगळं दिसलं. आणि यांचा तो चेहराही दिसला, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या माणसाचा. आता खोटं बोलले असते तर हा माणूस उद्यापासून कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नव्हता, माझ्यासुद्धा.

“निळा मारतोय,” मी म्हटलं. “बराच.”

“वहिनी, काय हे!” हैबतराव एकदम ओरडले. “चार माणसांत असं बोलायचं?”

“तिला काय बोलू नको,” हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “आज गाडी तिनं एकटीनं बघितली. तुमी सगळे माझ्याकडं बघत होता.”

मग यांनी सुलेमानभाईंकडे पाना मागितला.

“राहू दे ना, दिनाभाऊ. मी झाकून ठेवतो. माझी काय तक्रार नाय.”

“माझी हाय. पेट्रोल काढा, डबा आणा.” पाना फिरवता फिरवता, कुणाकडे न बघता ते म्हणाले, “माघी झाली की डोळा करून घेतो. मग दोन महिन्यांनी टाकी देतो. तो नमुना शेडमध्ये कुठंतरी पडला आसल, शोधतो.”

टाकी निघाली. हैबतरावांनी ती दोन्ही हातांत घेतली, उन्हात तिरकी धरली, आणि इतका वेळ कोंडलेलं त्यांना धरवेना.

“दिन्या, पण निळा फारच घातलायस रे! मतदानाची शाई ओतलीस काय?”

“थेंब थेंबच घातला.”

“थेंब? ह्यो थेंब? अरे गुलाबजामएवढा थेंब आसल!”

“पिवळा कमी पडलाय,” नाथाभावजी म्हणाले. “निळ्याची चूक नाय.”

“तू गप. तुला राजदूतशिवाय काय कळतं?”

आणि सुरू झाले. भाकऱ्या गार झाल्या, रस्सा दोनदा गरम केला, तरी यांचं निळ्यापिवळ्याचं संपेना. हे मधोमध बसून सगळ्यांच्या शिव्या खात होते आणि उलट देत होते. अमीनाभाभी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “ह्यांच्यापेक्षा कुवेत बरं होतं.”

परत निघालो तेव्हा टाकी माझ्या मांडीवर होती. अमीनाभाभींनी ती जुन्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळून दिली होती. एका हाताने टाकी पोटाशी धरायची, दुसऱ्या हाताने यांचा खांदा. हैबतराव आणि नाथाभावजी पुढे निघून गेले होते.

निडीजवळ रस्त्यात शेळ्या आल्या. यांनी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून. शेळ्यांमागून एक म्हातारी काठी टेकत आली. माझ्या मांडीकडे बघून थबकली. चार दिवसांवर माघी गणपती. या दिवसांत पेणच्या रस्त्यावर गाडीवर बसलेल्या बाईच्या मांडीवर कापडात झाकलेलं काय असणार, हे इकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हातारीने काठी काखेत धरून हात जोडले.

मग तिला काहीतरी खटकलं.

“पेणवरना बाप्पा येतो गो,” ती म्हणाली. “तुमी पेणकडं उलटा कुठं न्हेताव?”

मी यांच्या पाठीकडे बघितलं. पाठ ताठ झाली होती.

“रंगाचं थोडं राह्यलंय, आजी,” मी म्हटलं.

“व्हय, व्हय. मग न्या. कामात कसर नसावी.”

ती पुढे झाली, ओढणीवर अलगद बोटं टेकवली आणि ती आपल्या छातीला लावली. मग डोळे मिटून पुटपुटायला लागली. शेळ्या कधीच उतरून शेतात गेल्या होत्या, रस्ता मोकळा होता.

यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. म्हातारीचं पुटपुटणं संपेपर्यंत हे पुढे बघत, चपलेतून पाय काढून, तापलेल्या डांबरावर तो तसाच टेकून थांबले.